कळमन्याच्या गोदामातले चौसष्ट कूलर

पहिलेच सांगून ठेवते, मले कम्प्युटरचा राग नाही. राग माणसायचा आहे. कम्प्युटर बिचारा सांगतलं तेवढंच करते.

मी प्रेमिला. सीताबर्डीले एका दुकानाच्या वर दुसऱ्या माळ्यावर आमचं कूलर सर्व्हिसचं ऑफिस आहे, तिथं मी अठरा वर्षं झाले फोन उचलून राहिली. लोकायचा कूलर बिघडला की मले फोन येते, मी तो रजिस्टरात लिहिते अन् अकरा मेकॅनिकपैकी कोण कुठं जाईन ते ठरवते. म्हणायले सोपं आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता नागपूरच्या माणसाचा कूलर बंद पडला तर तो काय काय बोलते, ते एकदा ऐकून पाहा. माहे कान पिकले, पण मी फोन कधी आपटला नाही. आपटावा वाटला लय वेळा.

मोठे साहेब होते तवा माहं रजिस्टर म्हणजे शेवटचा शब्द होता. ते गेले, अन् खुर्चीवर त्यायचा पोरगा बसला, विहंग. पोरगा वाईट नाही. फक्त त्याले भिंतीवर दिसते तेच खरं वाटते.

मार्च महिन्यात त्यानं नवीन सॉफ्टवेअर घेतलं. ते बसवून द्याले पुण्याहून रितिका नावाची पोरगी आली. गोड पोरगी, सगळ्यायले "दादा", "ताई" करे. तिनं भिंतीवर मोठा नकाशा लावला. एकेक गिऱ्हाईक म्हणजे एकेक ठिपका, अन् एकेक मेकॅनिक म्हणजे एकेक छोटी गाडी. ज्याची गाडी जवळ, त्याले काम. उगाच मानेवाड्याचा माणूस कामठी रोडले पाठवाचं काम नाही.

"चांगलं आहे बापा," मी म्हणलं. खरंच चांगलं होतं.

मंग माह्या रजिस्टरातले पत्ते त्याच्यात टाकले. धरमपेठचे पत्ते टाकले, ठिपके टपाटप उमटले. आमच्या वस्तीचे टाकले, तर काहीच नाही. रेल्वे फाटकाच्या पलीकडं आमची वस्ती. माह्या आजेसासऱ्यानं तिथं पहिली झोपडी घातली, बाबासाहेबायनं दीक्षा दिली त्याच्या पुढच्या साली. आता सगळे पक्के घरं, नळ, मीटर, टॅक्सपावती. पण नकाशावर तिथं नुसता पांढरा चट्टा. माहं रजिस्टर म्हणे, "विहाराच्या मागं, निळ्या टाकीपासून तिसरं घर, कुत्रं चावते." नकाशाले विहार दिसेना, टाकी दिसेना, कुत्रं तर नाहीच.

"काळजी करू नका ताई," रितिका म्हणे. "पत्ता सापडला नाही तर मेकॅनिक जिथे उभा राहून पहिल्यांदा 'काम सुरू' बटण दाबेल, तिथेच त्या घराचा ठिपका पडेल. आपोआप."

सगळ्यायनं मुंडी हलवली. मीही हलवली. ते माही चूक, मी कबूल करते.

काहून का विहंग साहेबाचा दुसरा एक नियम होता. मेकॅनिक सामान चोरतेत असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. मंग त्यानं फर्मान काढलं, मोबाईलवर काम सुरू केल्याशिवाय गोदामातून पंप द्याचा नाही, कूलरच्या जाळीत भराचं गवत द्याचं नाही, काहीच द्याचं नाही. गोदाम कळमन्याले. रोज सकाळी आठ वाजता सगळे मेकॅनिक पोट्टे तिथं जमतेत, दिवसभराचं सामान घेतेत अन् निघतेत. आता सांगा, सामान पाहिजे तर बटण कुठं दाबावं लागीन? कळमन्याले. हे मले तवाच दिसाले पाहिजे होतं. नाही दिसलं.

मेचा दुसरा सोमवार होता. दहा वाजता साहेबानं मले केबिनमधी बोलावलं. भिंतीवर नकाशा होता, अन् कळमन्यावर एक जाडजूड लाल गोळा. गोळ्यात आकडा, चौसष्ट.

"प्रेमिलाताई, हे बघा. धम्मानंदचे चौसष्ट कॉल. सगळे गोदामातच सुरू झालेत. हा माणूस दीड महिना गोदामातून हललेलाच नाही. तिथेच बसून 'काम झालं' दाबतोय. सगळे बोगस."

टेबलावर पत्र तयार होतं. मी उलटं वाचलं. "खोटी कामे दाखवून कंपनीची फसवणूक केल्यामुळे आजपासून कामावरून कमी." नोकरी गेली तर दुसरी भेटते. पण असं पत्र घेऊन धम्मानंद कोणाकडं जाईन? अख्ख्या नागपुरातले कूलरवाले एकमेकायले ओळखतेत. ज्याले लोकाच्या घरात, बायापोरायच्या खोलीत जाऊन काम कराचं असते, त्याच्या नावावर एकदा 'फसवणूक' लागलं की संपलं.

तो बाहेर उभा होता, हातात हेल्मेट. नऊ वर्षं झाले कामाले लागून. आमच्याच वस्तीतला, माह्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, म्हणून वस्तीतले सगळे कॉल त्यालेच भेटत. कमी बोलणारा पोट्टा. जास्त बोलणाऱ्यायले आमच्याकडं कामं पण कमी भेटतेत, कारण मीच देत नाही.

मी साहेबाले समजावलं. तुमचाच नियम, तुमचंच बटण, कळमन्यातच दाबावं लागते. बाकीच्यायचे ठिपके पत्त्यावरून आधीच पडले, म्हणून ते वाचले. याच्या गिऱ्हाईकायचे पत्तेच नकाशाले सापडत नाहीत, म्हणून सगळे गोदामात जाऊन पडले. कोपऱ्यात रितिका बसली होती, तिचं तोंड एवढुसं झालं.

"सर, असं होऊ शकतं," ती म्हणे.

"होऊ शकतं, म्हणजे झालंय असं नाही," साहेब म्हणे. "पुरावा आहे का?"

उचलली जीभ, लावली टाळ्याले! चोर म्हणायले पुरावा लागला नाही, अन् चोर नाही म्हणायले पुरावा पाहिजे.

मी यादी मागितली. चौसष्ट नावं, माह्याच हातानं भरलेली. वाचत वाचत एक्केचाळीस नंबरवर आली अन् थांबली. लिहिलं होतं, "कुसुमताई. पत्ता: साहेबांचं घर."

कुसुमताई म्हणजे विहंग साहेबाची आई. त्यायच्या घरचा पत्ता आमच्याकडं कधी कोणी लिहिलाच नाही, कारण सगळ्यायले माहीत. अन् 'साहेबांचं घर' हे काही नकाशाले सापडत नाही. म्हणून धरमपेठचा तो बंगलाही आमच्या वस्तीसंगं कळमन्याच्या गोदामात पडला होता. साहेबानं गोळा पाहिला होता, यादी वाचली नव्हती.

मी तिथंच बोट ठेवलं असतं तर एका मिनिटात निकाल लागला असता. ओठावर आलं होतं माह्या. पण मले राग आला, अन् त्या रागानंच माहं तोंड बंद केलं. त्याच्या आईचा कूलर दाखवला की हा मानणार. मंग बाकीचे त्रेसष्ट? त्यायचे कूलर खरे ठरवाले धरमपेठची आई काहून लागावी? मी यादीची घडी केली अन् पर्समधी टाकली.

"पुरावा पाहिजे ना साहेब? चला. पण उन्हात चला."

आमच्या लाइनीत एक रीत आहे. बाहेरच्याले माहीत नसते. कूलरचं काम झालं की मेकॅनिक बाजूची ताटी, म्हणजे गवताची जाळी, परत लावाच्या आधी आतल्या पत्र्यावर काळ्या मार्करनं तारीख टाकते. काय केलं ते लिहिते, खाली आपलं नाव. पंप पुढच्या साली जळला तर कोणी बसवला होता ते कळावं म्हणून. मोठ्या साहेबानंच लावलेली सवय. मोबाईल आले, बटणं आले, पण धम्मानंदनं मार्कर सोडला नाही.

साहेबानं पत्र खिशात टाकलं अन् बारा वाजता आम्ही निघालो. साहेबाची कार, मागं मी अन् रितिका, पुढं मोटारसायकलवर धम्मानंद. फाटक ओलांडल्यावर साहेबाचा मोबाईल म्हणे, रस्ता संपला. समोर डांबरी रस्ता, दोन्ही बाजूनं घरं, एक पिठाची गिरणी, सावलीत खेळणारे पोट्टे.

"सरळ घ्या," मी म्हणलं. "संपला नाही अजून."

पहिलं घर जिजाबाईचं. सत्तरीची बाई. तिचा नवरा देवराव दोन वर्षांपासून लकव्यानं खाटेवर आहे, अन् खाट कूलरच्या पुढं. त्या घरात कूलर बंद पडला तर आम्ही बाकी कामं सोडून पोट्टा पाठवतो, हे माह्या रजिस्टरात लाल पेनानं लिहिलेलं आहे. नकाशात लाल पेन नाही.

"जय भीम मावशी. कूलर पाहाचा आहे."

"जय भीम. काहून वं प्रेमिला, चांगला तर चालून राहिला. धम्मानं मागच्याच महिन्यात पंप बदलला."

"हे आमचे साहेब. यायले वाटते तो आलाच नाही."

जिजाबाईनं साहेबाले वरून खालपर्यंत पाहिलं, अन् कूलरचं बटण बंद केलं. धम्मानंदनं ताटी काढली. आत पत्र्यावर एकाखाली एक सात वर्षांच्या तारखा. सगळ्यात खाली लिहिलं होतं, "२३ एप्रिल. पंप नवा. धम्मा."

रितिकानं वाकून फोटो काढला. साहेबानंही वाकून पाहिलं.

"हे काय, काल पण लिहिता येतं," तो म्हणे.

"काल लिहिलं असतं तर त्याच्यावर क्षार कुठून आला? बोट लावून पाहा. पांढरा थर बसला आहे. तीन आठवड्यांच्या पाण्याचा."

त्यानं बोट लावलं नाही. आतून देवरावनं घशातून आवाज काढला, गरम होऊन राहिलं होतं त्याले. जिजाबाईनं कोणाले न विचारता ताटी लावाले सांगितली अन् बटण चालू केलं.

दुसरं घर, तिसरं घर, चौथं घर. हरेक ठिकाणी तारीख. हरेक ठिकाणी बाया सांगत, हाव, आला होता, चहा पण घेतला नाही, घाईत होता. साहेबाचा शर्ट पाठीले चिकटला होता. चौथ्या घराबाहेर तो सावलीत थांबला अन् हळूच मले म्हणे,

"ताई, मी तुमचा आदर करतो. पण हे सगळे तुमचेच लोक आहेत ना. एकमेकांसाठी बोलणारच."

धम्मानंदनं ऐकलं. त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं अन् काच खाली केली, उभ्याउभ्याच.

मी काही बोलली नाही. मी बोलत नाही तवा माह्या घरचे लोक भितेत. त्यायले माहीत आहे. साहेबाले माहीत नव्हतं.

मी पर्समधून यादी काढली. "ठीक आहे साहेब. आता एक्केचाळीस नंबर पाहू. तिथं माहं कोणी राहत नाही."

"कुठे आहे?"

"धरमपेठ. रस्ता तुम्हाले माहीत आहे. तुमच्याच घरचा आहे."

त्यानं यादी हातात घेतली. वाचली. मंग पूर्ण रस्ताभर एसी चालू असून कार्टं घाम पुसत होतं.

धरमपेठले कुसुमताईनंच दार उघडलं. आमच्याकडं पाहाच्या आधी त्यायचं लक्ष गेटजवळ थांबलेल्या धम्मानंदकडं गेलं.

"अरे धम्मानंद, उन्हात काय उभा आहेस? आत ये. कूलर छान चाललाय हो, आज कशाला आलास?"

"तारीख पाहाची आहे, आई," तो म्हणे.

ताटी साहेबानं स्वतःच्या हातानं काढली. नीट काढता येत नव्हती, बोट कापलं थोडं. आत लिहिलं होतं, "१२ एप्रिल. पंप नवा, गवत नवं. धम्मा." तेच अक्षर. तोच मार्कर. तोच पांढरा थर.

"सकाळी नऊलाच आला होता," कुसुमताई म्हणे. "तू झोपला होतास. मी म्हटलं, आवाज करू नको रे, तर बिचाऱ्याने हळूहळू दोन तास काम केलं."

साहेबानं खिशातून ते पत्र काढलं, फाडलं, दोन तुकडे केले, चार केले.

"ठीक आहे," तो म्हणे. "गैरसमज झाला. धम्मानंद, उद्यापासून ये."

बस्स! एवढंच! अन् इथं मात्र माह्यानं राहवलं गेलं नाही.

"काहून?" मी म्हणलं. "हे पण काल लिहिता येते ना? आई तुमची आहे, तुमच्यासाठी बोलणारच ना? चार घरी वाकून पाहिलं, चारही खोटे. पाचव्या घरी तेच अक्षर, अन् ते खरं. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं! जिजाबाईच्या पत्र्यावरचा क्षार क्षार नव्हे काय?"

"ताई, पत्र फाडलं ना मी. अजून काय करू?"

"पत्र तुम्ही घरात फाडलं. अविश्वास वस्तीत दाखवला."

कुसुमताई एकदा माह्याकडं पाहत, एकदा पोराकडं. "विहंग, तू याला चोर म्हणालास?" त्यायनं विचारलं. पोरगा हातातले पत्राचे तुकडे खिशात कोंबाले लागला.

तवा धम्मानंद साहेबासंगं बोलला. दिवसभरात पहिल्यांदा.

"साहेब, मी उद्या येत नाही."

"अरे, मी म्हणतोय ना ये म्हणून."

"हाव. पण तुम्ही इथं म्हणून राहिले. मले तिथं राहाचं आहे. तिथं चार घरच्यायनं पाहिलं की साहेब मानत नाही. जिजामावशीच्या घरी येऊन सांगा, मंग येतो. नाही आले तर माही नऊ वर्षांची नोकरी तुमच्याकडंच राहू द्या."

मे महिना, मेकॅनिक अकराचे दहा होणार, अन् दिवसाचे दीडशे फोन. साहेबाले हिशेब कळत होता. पण मले वाटते त्यानं हिशेब केला नाही. तो त्याच्या आईकडं पाहून राहिला होता.

"जा," कुसुमताई म्हणे. "मी जेवायला थांबते."

परत फाटक, परत तोच मोबाईल, रस्ता संपला. आता मी सांगाच्या आधीच साहेबानं गाडी सरळ घेतली.

जिजाबाई दारातच बसली होती, आम्ही गेल्यापासून वस्तीत चर्चा चालू होती. गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली. पोट्टे गोळा झाले. साहेब उन्हात उभा राहिला.

"धम्मानंदने काम केलं होतं," तो म्हणे. "मी चुकलो."

"मले काय सांगता?" जिजाबाई म्हणे. "माह्याकडं तर हवा येऊन राहिली. ज्यायले हवा आली नाही त्यायले सांगा."

लोक हसले. साहेबही हसला असता, पण हसला नाही, ते बरं केलं. तो मागं वळला अन् जमलेल्या लोकायपुढं तेच परत म्हणाला, जोरानं. गिरणीवाल्यापर्यंत ऐकू गेलं.

रितिकानं त्याच्या हातात मोबाईल दिला. "सर, इथे उभं राहून बोट दाबून धरा. ठिपका इथे येईल." त्यानं दाबून धरलं. कळमन्याच्या गोळ्यातला आकडा चौसष्टचा त्रेसष्ट झाला. आमच्या पांढऱ्या चट्ट्यात पहिला ठिपका पडला. पोट्टे मोबाईलवर तुटून पडले, "माहं घर कुठं आहे, माहं घर दाखवा."

मी म्हणलं झालं. धम्मानंदले वाटलं नाही झालं. त्यानं साहेबाले आत नेलं, कूलर बंद केला, ताटी काढली, शर्टच्या खिशातून मार्कर काढला अन् साहेबापुढं धरला.

"हे काय?"

"तुम्ही आले होते, पाहिलं, ते लिहा. माह्या तारखेच्या खाली."

साहेबानं माह्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. मंग तो वाकला, गुडघा ओल्या फरशीवर टेकला, अन् पत्र्यावर लिहिलं, "काम पाहिलं. बरोबर आहे. विहंग."

"तारीख टाका साहेब," धम्मानंद म्हणे. "तारखेशिवाय आमच्याकडं कोणी मानत नाही."

त्यानं तारीख टाकली. धम्मानंदनं ताटी लावली, जिजाबाईनं बटण दाबलं, पंख्यानं सूर धरला, खाटेवर देवरावनं डोळे मिटले. साहेबानं मार्कर परत द्याले हात पुढं केला. धम्मानंदनं घेतला नाही.

"ठेवा तुमच्यापाशी," तो म्हणे. "तुमच्या घरचा ठिपका संध्याकाळी टाकाल. बाकी बासष्ट घरं राहिले."

"सगळीकडे मी?"

"हाव," मी म्हणलं. "पत्ते माह्याजवळ आहेत. उद्या सकाळी आठले कळमन्याले या. सामान घ्याच्या आधी बटण दाबू नका, घरापुढं दाबा."